एकच नग, तोही बिनचूक!
प्रयोगशाळांसाठी पोलाद घडवणाऱ्या उद्योगाची पवई ते फ्रान्स वाटचाल

खास प्रतिनिधी, मुंबई

कोरोनाच्या साथीने ठप्प झालेले देशातील उद्योग अडखळत पुन्हा सुरू होत होते, त्या काळातली ही घटना. ३० जून २०२० रोजी सुरतजवळच्या हजिरा येथून एका अवाढव्य पोलादी पात्राचे अखेरचे भाग फ्रान्सकडे रवाना झाले. दक्षिण फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय संलयन प्रकल्पासाठी हे पात्र बनवण्यात आले होते. जुळणीनंतर त्याची उंची आणि व्यास दोन्ही सुमारे २९ मीटर, तर वजन ३,८५० टन. नऊ-दहा मजली इमारत जेवढी उंच, तेवढाच रुंद असलेला हा पोलादी डबा जगात आजवर बनलेले स्टेनलेस स्टीलचे सर्वात मोठे निर्वात पात्र मानला जातो. तो घडवला लार्सन अँड टूब्रो, म्हणजेच ‘एल अँड टी’, या कंपनीच्या अवजड अभियांत्रिकी विभागाने.

पूल, मेट्रो आणि इमारती बांधणारी कंपनी म्हणून एल अँड टी शहरी वाचकाला परिचित आहे. तिच्या अवजड अभियांत्रिकी विभागाची ओळख मात्र त्या मानाने कमी. वैज्ञानिक संशोधनासाठी लागणारी, बाजारात तयार न मिळणारी आणि बहुधा एकदाच बनवायची असलेली धातूची उपकरणे घडवणे हे या विभागाच्या कामाचे एक महत्त्वाचे अंग आहे. अशा कामातून एखादा कारखाना मोठा कसा होतो आणि तो टिकवण्यासाठी काय लागते, हे समजून घ्यायचे तर हजिऱ्याच्या पात्रापासून थोडे मागे जावे लागेल.

एका वेळी एकालाच जागा

हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन क्रिस्तियान टूब्रो हे दोघे डॅनिश अभियंते सिमेंट कारखान्यांची यंत्रसामग्री पुरवणाऱ्या कोपनहेगनच्या कंपनीतर्फे भारतात आले. १९३८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची भागीदारी संस्था काढली. बॅलार्ड इस्टेटमधले त्यांचे कार्यालय इतके लहान होते की, एका वेळी दोघांपैकी एकालाच तेथे बसून काम करता येई, असे सांगितले जाते. सुरुवातीचा व्यवसाय डेन्मार्कहून दुग्धव्यवसायाची यंत्रे आणून विकण्याचा होता.

१९४० च्या एप्रिलमध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि माल येणे बंद झाले. विकायला यंत्रे नाहीत म्हटल्यावर ती येथेच बनवण्यावाचून पर्याय उरला नाही. छोटी कार्यशाळा सुरू झाली. युद्धकाळात जहाजदुरुस्तीची कामे मिळाली. टाटांच्या सोडा अ‍ॅश प्रकल्पावरील जर्मन अभियंत्यांना स्थानबद्ध करण्यात आल्यावर त्या उभारणीचे काम या दोघांकडे आले. १९४६ मध्ये भागीदारीचे रूपांतर खासगी मर्यादित कंपनीत झाले आणि १९४८ मध्ये पवईला दलदल व झाडोऱ्याने भरलेली जमीन घेऊन कारखाना उभारण्यास सुरुवात झाली. आज उंच इमारतींनी वेढलेली पवई त्या वेळी मुंबईबाहेरचे रान होते.

या आरंभीच्या काळात विज्ञान किंवा संशोधन कोठेच दिसत नाही. दिसते ती एक सवय: जे बाहेरून येत नाही, ते स्वतः करून पाहण्याची. पुढे तीच कामी आली.

भाभांची मागणी

कंपनीच्या इतिहासातील निर्णायक वळण अणुकार्यक्रमाने आणले. अणुभट्ट्यांना लागणारे महत्त्वाचे भाग भारतात बनवता येतील काय, अशी विचारणा डॉ. होमी भाभा यांनी होल्क-लार्सन यांच्याकडे केली. तोवर देशात कोणी असे काम केलेले नव्हते. साखर कारखाने, डेअऱ्या आणि रसायन उद्योगांसाठी टाक्या व पात्रे बनवणाऱ्या कंपनीने ते स्वीकारले.

अणुभट्टीचे पात्र वरकरणी टाकीसारखेच दिसते. फरक असतो तो अपेक्षेत. साध्या टाकीला गळती लागली तर ती रिकामी करून डागडुजी करता येते. अणुभट्टी एकदा सुरू झाली की, किरणोत्सर्गामुळे तिच्या अंतर्भागाजवळ माणसाला सहज जाता येत नाही. त्यामुळे प्रत्येक सांधा पुढची काही दशके टिकेल, अशी खात्री कारखान्यातून बाहेर पडतानाच द्यावी लागते. ही खात्री नुसत्या शब्दावर चालत नाही. पोलादाची प्रत्येक प्लेट कोणत्या ओतकामातून आली, कोणता सांधा कोणत्या वेल्डरने कोणत्या दिवशी घातला आणि त्याची तपासणी कोणी केली, याची नोंद ठेवावी लागते. अनेकदा पात्राबरोबर या कागदपत्रांच्या गठ्ठ्यांचीही रवानगी होते.

१९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने भारताच्या अणुकार्यक्रमातून अंग काढून घेतले. बाहेरची दारे बंद झाल्यावर देशी कारखान्यांवरील भार वाढला, आणि या उद्योगातील एल अँड टीचे स्थानही. याच सुमारास अंतराळ कार्यक्रमाची कामे येऊ लागली. अग्निबाणाच्या घन इंधनाच्या कवचासाठी वेगळे पोलाद लागते आणि वेगळे कसबही. वजन कमीत कमी हवे, पण आतला प्रचंड दाब मात्र कवचाने सहन केला पाहिजे. २०२३ च्या चांद्रयान-३ मोहिमेत उड्डाणाच्या पहिल्या टप्प्याला रेटा देणाऱ्या घन इंधन बूस्टरचे ३.२ मीटर व्यासाचे काही भाग पवईच्या कारखान्यातच तयार झाले आणि तेथेच त्यांची दाबचाचणी घेण्यात आली.

पवईला मात्र एक मर्यादा होती. शहरातल्या रस्त्यावरून जेवढे पात्र बंदरापर्यंत नेता येईल, तेवढेच पवईत बनवण्यात अर्थ होता. उड्डाणपूल, विजेच्या तारा आणि वळणे यांनीच पात्राचा आकार ठरवायचा, असा हा प्रकार. १९८० च्या दशकात कंपनीने तापी नदीच्या मुखाशी हजिरा येथे कारखाना उभारला, त्यामागचे एक प्रमुख कारण हेच. तयार पात्र कारखान्याच्या दारातूनच जहाजावर चढवण्याची सोय तेथे झाली. इटरचे काम पुढे हजिऱ्याला करता आले, याचे बरेचसे श्रेय या निवडीला जाते.

पात्र कशासाठी?

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे एकमेकांत मिसळून ऊर्जा निर्माण होते. तीच प्रक्रिया पृथ्वीवर नियंत्रित स्वरूपात घडवून आणता येते का, हे इटरमध्ये पाहायचे आहे. त्यासाठी सुमारे १५ कोटी अंश सेल्सियस तापमानाचा आयनद्रायू, म्हणजेच प्लाझ्मा, चुंबकांच्या साहाय्याने अधांतरी धरून ठेवावा लागतो. हे चुंबक अतिसंवाहक असल्याने त्यांना उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवणे भाग असते. काही मीटरच्या अंतरात विश्वातील अतितप्त आणि अतिशीत अशा दोन टोकांना एकत्र नांदवायचे आहे.

हजिऱ्यात बनलेल्या पात्राला ‘क्रायोस्टॅट’ म्हणतात. त्याचे तत्त्व घरातल्या थर्मासचेच. चुंबकांभोवतीची हवा काढून टाकली की बाहेरची उष्णता आत शिरण्याचा मोठा मार्ग बंद होतो. मात्र हा थर्मास नुसता झाकण लावून ठेवायचा नाही. नळ्या, तारा, मोजमापाची उपकरणे आणि दुरुस्तीसाठीचे मार्ग यांकरिता त्याला दोनशेहून अधिक छिद्रे आहेत. त्यातील काही चार मीटरपर्यंत रुंद आहेत. शिवाय सुमारे २३,००० टनांच्या संपूर्ण यंत्राचा भार त्याच्या तळाने पेलायचा आहे.

भारतासह सात भागीदारांच्या या प्रकल्पात प्रत्येकाने आपला वाटा मुख्यतः वस्तुरूपाने द्यायचा, असे ठरलेले आहे. भारताच्या वाट्याला आलेल्या भागांत क्रायोस्टॅट सर्वात नजरेत भरणारा. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या अखत्यारीतील ‘इटर-इंडिया’ने २०१२ मध्ये त्याचे कंत्राट एल अँड टीला दिले.

वितळलेल्या सांध्याशी झुंज

२९ मीटर व्यासाची वस्तू ना जहाजातून नेता येते, ना रस्त्यावरून. म्हणून पात्राचे ५४ तुकडे पाडण्यात आले. ते हजिऱ्याला बनवून समुद्रमार्गे फ्रान्सला पाठवायचे आणि तेथे खास बांधलेल्या ११० मीटर लांबीच्या कार्यशाळेत जोडून चार मोठे भाग करायचे, अशी योजना ठरली. पहिले तुकडे २०१५ च्या अखेरीस कादाराशला पोहोचले. कागदावर सोप्या वाटणाऱ्या या योजनेतील खरी अडचण धातूच्या स्वभावात होती.

स्टेनलेस स्टील तापवले असता साध्या पोलादापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावते आणि उष्णता मात्र साध्या पोलादाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाने वाहून नेते. परिणामी वेल्डिंगची उष्णता सांध्यापाशीच साचते, धातू तेथे फुगतो आणि थंड होताना आकसून शेजारच्या भागालाही ओढतो. छोट्या सांध्यात ही ओढ केसाएवढी असेल, पण मीटरच्या मीटर लांबीच्या जाड सांध्यात प्लेट वाकडी होते. त्यावर उपाय म्हणजे सांधा कोणत्या क्रमाने घालायचा हे आधीच ठरवणे, समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी काम करणे, भाग भक्कम चौकटीत जखडून ठेवणे आणि प्रत्येक थरानंतर मोजमाप घेणे. अनुभवी कारागीर धातू किती ओढला जाईल याचा अंदाज बांधून प्लेट मुद्दाम उलट्या बाजूला किंचित कलती ठेवतो. वेल्डिंग पुरे होते तेव्हा ती सरळ झालेली असते. गणकयंत्रावर याची गणिते करता येतात, मात्र कारखान्यात शेवटचा शब्द हाताचा असतो.

दुसरी लढाई स्वच्छतेची. निर्वात पात्राच्या आतील भागावर राहिलेला तेलाचा ओघळ किंवा बोटाचा ठसाही हळूहळू वायू सोडत राहतो आणि निर्वाताची प्रत बिघडवतो. साध्या लोखंडावर वापरलेला ब्रश किंवा घासदगड स्टेनलेस स्टीलला लावला, तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि न गंजणाऱ्या पोलादावर गंजाचे डाग उमटतात. म्हणून अशा कामासाठी हत्यारे वेगळी ठेवतात आणि अनेकदा दालनही. खुणा करण्याच्या शाईत किंवा चिकटपट्टीत क्लोरीनची संयुगे किती आहेत, हेही पाहावे लागते.

या खबरदारीला अतिरेक म्हणावे असे कोणाला वाटेल. इटरच्याच एका घटनेने तो समज दूर केला. चुंबकांना उष्णतेपासून वाचवणाऱ्या आतल्या ढालीच्या शीतनळ्यांना बारीक तडे गेल्याचे आढळून आले आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ते जाहीर करण्यात आले. कारण निघाले ते सांध्यांजवळ अडकून राहिलेल्या क्लोराइडचे. याच सुमारास प्लाझ्मा ज्या आतल्या पात्रात असतो, त्याच्या खंडांच्या कडा ठरलेल्या मापांशी जुळत नसल्याचेही उघड झाले. हे दोन्ही भाग हजिऱ्यात बनलेले नव्हते. परंतु वीस किलोमीटरहून अधिक लांबीच्या नळ्या बदलणे आणि जागेवर बसवलेला खंड पुन्हा बाहेर काढणे, अशी वेळ साऱ्या प्रकल्पावर आली. पहिला प्लाझ्मा २०२५ मध्ये निर्माण करण्याचे आधीचे वेळापत्रक बाजूला पडले. २०२४ मध्ये मांडलेल्या नव्या आराखड्यानुसार संशोधनाचा टप्पा २०३४ मध्ये सुरू व्हायचा आहे. अवाढव्य प्रयोगाचे भवितव्य डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यावर अवलंबून असते, ते असे.

क्रायोस्टॅटचा १,२५० टनांचा तळ २०२० च्या मे महिन्यात यंत्राच्या खड्ड्यात मिलिमीटरच्या हिशेबाने उतरवण्यात आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर खालचा दंडगोल त्यावर बसला. वरचा दंडगोल आणि झाकण यांची पाळी आतले यंत्र जुळल्यानंतरची.

नफा कोठे आहे?

इतके श्रम करून बनवायचा तो एकच नग. मोटारीचा किंवा पंपाचा कारखाना पहिल्या शंभर नगांत चुका करतो, शिकतो आणि पुढच्या लाखभर नगांतून खर्च भरून काढतो. येथे पहिला नग हाच शेवटचा. मग असे काम घ्यायचेच कशासाठी?

याचे उत्तर ताळेबंदात लगेच दिसत नाही. अणुभट्टीच्या पात्रासाठी शिकलेले जाड पोलादाचे वेल्डिंग, तपासणीच्या पद्धती आणि नोंदींची शिस्त पुढे तेलशुद्धीकरण व खत कारखान्यांच्या उच्च दाबाच्या पात्रांसाठी उपयोगी पडते. त्या पात्रांना देशात आणि परदेशांतही मागणी असते. प्रयोगशाळेचे काम कारखान्याला कसब देते, आणि ते कसब बाजारात विकून कारखाना जगतो. महाराष्ट्रातील इतर उदाहरणेही हेच सांगतात. साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीसाठी ओळखली जाणारी इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर इंडस्ट्रीज आणि कपाटांमुळे घराघरांत पोहोचलेली विक्रोळीची गोदरेज या दोघींनीही ‘इस्रो’च्या अग्निबाणांसाठी दीर्घकाळ महत्त्वाचे भाग बनवले आहेत. केवळ संशोधनाच्या मागण्यांवर यांपैकी कोणीच पोट भरलेले नाही.

त्यामुळे एक अडचणही उभी राहते. मोठ्या उद्योगसमूहाला दोन मागण्यांमधला कोरडा काळ इतर कामांवर काढता येतो. लहान कारखान्याला ते झेपतेच असे नाही.

सहा महिन्यांची मुदत

सरकारी संशोधन प्रकल्पांचे कालमान आणि कारखान्याचे कालमान यांत मोठी तफावत असते. कल्पाक्कम येथील शीघ्र प्रजनक अणुभट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले. तिचे पोलादी मुख्य पात्र २००९ च्या डिसेंबरमध्ये जागेवर बसवण्यात आले, तर अणुभट्टीचा गाभा भरण्यास प्रारंभ झाला तो २०२४ च्या मार्चमध्ये. इतक्या वर्षांत पात्र घडवणाऱ्या कारागिरांची एक पिढी निवृत्तीला येते.

अवजड पात्रांच्या उद्योगात जगभर मानल्या जाणाऱ्या अमेरिकी संहितेत वेल्डरविषयी एक नियम आहे. एखादी वेल्डिंग पद्धत वेल्डरने सलग सहा महिने वापरली नाही, तर त्या पद्धतीतील त्याची पात्रता संपुष्टात येते आणि पुन्हा चाचणी द्यावी लागते. हा नियम एका माणसाच्या हातासाठी लिहिला गेला असला, तरी तो कारखान्याला आणि देशालाही लागू पडतो. यंत्रे झाकून ठेवता येतात, कसब तसे ठेवता येत नाही.

अमेरिकेलाच त्याचा अनुभव आला. १९७० च्या दशकानंतर तेथे नव्या अणुभट्ट्यांच्या मागण्या जवळजवळ थांबल्या आणि मोठी अणुपात्रे घडवणारे कारखाने एकेक करून त्या व्यवसायातून बाहेर पडले. जॉर्जिया राज्यातील व्होग्टल येथे दोन नव्या अणुभट्ट्या उभारण्याची वेळ आली, तेव्हा त्यांची पात्रे दक्षिण कोरियाहून आणावी लागली. ज्या देशाने ही विद्या जगाला शिकवली, त्याच्यावर ही पाळी आली. कारण एकच, मधल्या काळात काम नव्हते.

भारतात केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१७ च्या मे महिन्यात ७०० मेगावॉटच्या दहा देशी अणुभट्ट्यांना एकत्रित मंजुरी दिली. वीजनिर्मितीइतकेच त्या निर्णयाचे महत्त्व कारखान्यांच्या दृष्टीनेही आहे. एकामागून एक पात्रे बनणार असतील, तर नवे वेल्डर घडवण्यासाठी आणि यंत्रांसाठी पैसा घालता येतो. संशोधनाच्या बाबतीत असे एकगठ्ठा नियोजन क्वचितच होते. एकेक प्रकल्प मंजूर होतो, रेंगाळतो आणि मग एकदम घाई सुरू होते.

आता हिंगोलीची पाळी

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही चर्चा दूरची नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, म्हणजे ‘लायगो-इंडिया’, उभी राहायची आहे. केंद्राने तिला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये अंतिम मंजुरी दिली. प्रकल्पाचा खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये आहे. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांतून धावणारा लेसर किरण, अशी तिची रचना असेल. या भुजा म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या आठ किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्या. अमेरिकेतील दोन वेधशाळांत अशा नळ्यांचा व्यास सुमारे सव्वा मीटर आणि भिंतीची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर आहे. एवढ्या लांबीत सुईच्या अग्राएवढी गळतीही चालत नाही.

अमेरिकेतील त्या नळ्या ज्या कंपनीने बनवल्या, ती शिकागोची कंपनी एकोणिसाव्या शतकात पूल आणि पाण्याच्या टाक्या बांधण्यासाठी निघाली होती. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये माणसाने प्रथमच गुरुत्वीय लहरींची चाहूल घेतली, ती याच नळ्यांतून. दुधाची यंत्रे विकणारे दोन डॅनिश अभियंते आणि पाण्याच्या टाक्या बांधणारी शिकागोची कंपनी यांचे साधर्म्य योगायोगाचे नाही. कोठलाही कारखाना पहिल्याच दिवशी विज्ञानासाठी जन्माला येत नाही. कठीण काम घेऊन येणारा, त्यासाठी थांबण्याची तयारी असलेला आणि ते पुरे झाल्यावर पुढचे काम देणारा ग्राहक त्याला तेथवर नेतो. आपल्याकडे असा ग्राहक प्रामुख्याने सरकारच आहे. हिंगोलीच्या नळ्या किती बिनचूक उतरतात, हे वेल्डरच्या हाताइतकेच या ग्राहकाने काम किती नियमितपणे दिले, यावरही ठरणार आहे.